पानी कितलं लागी?

कार्पेट साफ करायला आलेला माणूस बादल्या मागत नाही, याचं आबांना पहिल्यापासून नवल वाटत होतं. आम्ही गाडीतून मशीन उतरवत होतो. ते ओट्यावर खाटेवर बसून बघत होते आणि शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "पानी कितलं लागी रे भो?"

मी म्हटलं, "आबा, आज नाहीच लागणार बहुतेक. उद्या थोडं."

आबांनी मुलाकडे असं पाहिलं की, हा कुठून धरून आणला!

मुलगा म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचे केळीचे व्यापारी. गोदामाच्या वर त्यांचं ऑफिस, २२ बाय १६ फुटांचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. रंग एकेकाळी साबुदाण्यासारखा असावा. दारापासून शेठच्या टेबलापर्यंत एक काळपट पायवाट पडली होती, बैलगाडीच्या चाकोरीसारखी. दोन ठिकाणी चहा, एका कोपऱ्यात लक्ष्मीपूजनाचं कुंकू, आणि माल कापणारी माणसं हिशोबाला येऊन बसतात तिथे केळीच्या चिकाचे काळे ठिपके. एका स्थानिक माणसाने आधी येऊन सांगितलं होतं की कार्पेट गच्चीवर नेऊन पाइपने धुऊन देतो. शेठ थांबले ते बरं झालं. ते कार्पेट फरशीला चिकटवलेलं होतं. उखडलं असतं तर गच्चीवर कार्पेट गेलं नसतं, त्याचे तुकडे गेले असते.

मी जळगावला राहतो आणि हे काम करतो. सोफ्यांपासून सुरुवात केली, मग गाड्यांच्या सीट, मग कार्पेट. माझ्याबरोबर बहिणीचा मुलगा असतो.

चोपड्याचं सांगण्याआधी धुळ्याचं सांगावं लागेल, कारण चोपड्याला मी जे जे केलं नाही ते धुळ्याला करून बसलो होतो. एका दवाखान्याचा वेटिंग हॉल होता. माझ्याकडे तेव्हा एकच गोल मशीन होतं, खाली नायलॉनचा कडक ब्रश. फरशी घासायला उत्तम. कार्पेटही फरशीच, असा माझा हिशोब. साबणाचं पाणी ओतलं आणि मशीन फिरवलं. दहाएक मिनिटांनी ब्रशला काहीतरी गुंडाळलं गेलं आणि मशीनचा आवाज जड झाला. बंद करून पाहतो तर हॉलच्या मधोमध पाच फुटांची सरळ रेघ. तिच्यात धागाच नाही, खालचं जाळीचं कापड उघडं. उरलेल्या भागावर लोकरीच्या जुन्या स्वेटरसारखे तूस उठलेले. पाणी इतकं मुरलं होतं की चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, वास येतोय. कार्पेटचे पैसे मला भरावे लागले. बायकोला आकडा सांगितला नाही, आजही सांगितलेला नाही.

त्या पाच फुटांचं कारण मला नंतर कळलं, आणि ते कुणी समजावून सांगितल्याने नाही, बाजार समितीत पोत्याचं तोंड उघडताना पाहून कळलं. मशीनने शिवलेल्या पोत्याचं बरोबर टोक हमालाच्या हाती लागलं की तो एक झटका देतो आणि सगळी शिवण सर्रकन उसवते. लूपचं कार्पेट तसंच असतं. साध्या मऊ कार्पेटमध्ये धाग्याची टोकं वरून कापलेली असतात, त्यामुळे प्रत्येक झुबका सुटा. लूपमध्ये टोक कापत नाहीत. एकच धागा खालच्या कापडातून वर येतो, वेढा घालतो, परत खाली जातो, पुन्हा वर. ओळीच्या ओळी अखंड. मागून लॅटेक्सचा गोंद लावून त्यांना धरून ठेवलेलं असतं. गोंद जुना झाला आणि वरून एक वेढा अडकला, की पोत्याची शिवण उसवते. अडकवायला ब्रशच लागतो असं नाही. खुर्चीच्या पायातून वर आलेला खिळा, मांजराची नखं, व्हॅक्यूमच्या तोंडाची चिरलेली कड, काहीही पुरतं.

म्हणून चोपड्याला पहिला तास आम्ही काहीच साफ केलं नाही. फर्निचर उचलून बाहेर काढलं. उचलून, ओढून नाही. मग पडदे लावून अंधार केला आणि दोघं मोबाइलचा टॉर्च जमिनीला आडवा धरून गुडघ्यांवर रांगत निघालो. वरून पाहिलं तर काही दिसत नाही, पण आडव्या उजेडात वर आलेला प्रत्येक वेढा सावली पाडतो. जिथे दिसला तिथे कागदी टेपचा तुकडा. आबा जिना चढून वर आले, दारात थांबले आणि म्हणाले, "हाई काय, निंदनी चालू शे का?"

खरंच निंदणीच होती. ३१ तुकडे लावले. त्यातले बरेच जोडाच्या रेषेवर, जिथे दोन पट्टे एकमेकांना भिडतात. वर आलेला धागा ओढायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. वेढा नुसता सैल असेल तर बोथट सुईने खाली दाबायचा. तुटून टोक वर आलं असेल तर बारीक कात्रीने बाकीच्या वेढ्यांच्या उंचीला कापायचं. मी भाच्याला हे सांगतच होतो आणि त्याच्याच हातातलं कडं एका वेढ्यात अडकलं. तो हात मागे घेणार तेवढ्यात मी ओरडलो. तसाच थिजला बिचारा. कडं हातातून काढलं, मग धाग्यातून सोडवलं. एक इंचभर ओळ वर आली होती, ती सुईने जागेवर बसवून मुळाशी थोडा गोंद सोडला. त्या दिवसापासून कामावर कडं, अंगठी, घड्याळ, बक्कल असलेला पट्टा, काही नाही. माझी लग्नातली अंगठीसुद्धा गाडीच्या डॅशबोर्डात.

आता धागा कशाचा, हे ओळखायचं. बिल कुणाकडे नव्हतं. विकणाऱ्याने 'इम्पोर्टेड लोकर' म्हणून दिलं होतं म्हणे. मी कपाटामागच्या कोपऱ्यातून, कुणाला दिसणार नाही तिथून, एक लहानसं टोक कापलं. स्टीलच्या पेल्यात पाणी, त्यात साबणाचा एक थेंब. धागा बोटांनी पाण्यात चिरडून आतली हवा काढली आणि सोडला. वर आला. परत दाबला, परत वर आला. लोकर, नायलॉन, पॉलिस्टर, सगळे पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. तरी खात्रीसाठी ओट्यावर जाऊन पकडीत धरून काडी लावली. लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता. इथे मेणबत्तीचा वास आला आणि टोकाला कडक मणी जमला.

शेठना म्हटलं, "हे आपल्या जळगावच्या चटईचंच भावंड आहे." एमआयडीसीत चटया बनतात त्या याच प्लास्टिकच्या दाण्याच्या. शेठचं तोंड उतरलं. पण साफसफाईच्या दृष्टीने ही बातमी अर्धी चांगली होती. या धाग्याला पाणी शोषून घेता येत नाही आणि रंग धाग्याच्या आतच असतो, त्यामुळे बरेच डाग वरवर राहतात. वाईट अर्धी बातमी अशी की या धाग्याला तेलाची भारी ओढ. पायाचं, चपलांचं, भज्यांच्या कागदाचं तेल तो धरून ठेवतो आणि त्या तेलावर धूळ बसते. ती काळी पायवाट म्हणजे तेच. शिवाय सांडलेलं पाणी किंवा चहा धाग्यात न मुरता सरळ खाली कापडात जातो आणि तिथे दबा धरून बसतो. तो परत कसा वर येतो, ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. आणि हा धागा उष्णतेला हळवा. जड टेबल झटक्यात ओढलं तरी घर्षणाने वेढे चकाकतात, वितळल्यासारखे होतात, आणि ती खूण कायमची. एका कोपऱ्यात तशी खूण आधीच होती. ती मी शेठना दाखवून फोटो काढून ठेवला. काम सुरू करण्याआधी जुन्या जखमा मालकाला दाखवाव्यात, नाहीतर त्या आपल्या नावावर चढतात.

मग व्हॅक्यूम. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच उरकतात. खान्देशात तर उरकणं परवडतच नाही. काळ्या मातीला पाणी लागलं की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कोरडी असते तोवर भुकटी, ओली झाली की फुगते, लोण्यासारखी चिकटते, आणि वाळली की दगड. तीच माती वेढ्यांच्या पोटात असताना वर साबणाचं पाणी ओतायचं म्हणजे पाच मिनिटांच्या कामाचं पाच तासांचं करून घ्यायचं. शेतातून थेट ऑफिसात येणाऱ्या चपलांनी किती माती आणली असेल याचा अंदाज मला होता, तरी तो कमी पडला. व्हॅक्यूमच्या तोंडातला फिरता ब्रश बंद ठेवला, लूपवर तो चालवला की तूस उठतात. नुसतं खेचणं, पण मुंगीच्या चालीने. एकदा खिडकीच्या दिशेने, एकदा आडवं, मग पायवाटेवर पुन्हा दोन्हीकडून. ३५० चौरस फुटांना सव्वादोन तास लागले. पिशवी ओट्यावर कागदावर रिकामी केली तर चांगला मोठा ढीग. आबा खाटेवरून उठले, चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि म्हणाले, "हाई तं मना वावरनी माटी शे."

कुंकवाची गंमत इथेच झाली. कोपऱ्यातलं बरंचसं कुंकू कोरडं होतं, ते व्हॅक्यूमने जवळपास सगळं निघालं. पण गेल्या दिवाळीला कुणीतरी त्यातला एक भाग ओल्या फडक्याने पुसला होता. तेवढा तळहाताएवढा गुलाबी राहिला. पुसलं नसतं तर गेला असता. हे मी शेठना सांगितलं तेव्हा त्यांनी आतल्या खोलीच्या दिशेने पाहिलं. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी पाणी. आबा वाटच पाहत होते.

बोअरचं पाणी मी घेतलं नाही. तिकडचं पाणी जड, साबण फेसाळत नाही आणि वाळलं की धाग्यावर पांढरं राहतं. आम्ही घरून फिल्टरच्या पाण्याचे दोन कॅन नेले होते. आबांना हा शहाणपणा वाटेना. मी विचारलं, "आबा, ठिबकच्या नळ्यांना ॲसिड कशाला सोडता?" ते म्हणाले, क्षार बसून भोकं बुजतात म्हणून. मग मला पुढे बोलावं लागलं नाही.

साबणाचं लोकांना वाटतं की जितका कडक तितका चांगला. आपल्याकडे घराघरात याची परीक्षा होते, फक्त तिला कुणी परीक्षा म्हणत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. साबण क्षारधर्मी, म्हणून. कार्पेटवर हळदीची भाजी सांडलेली असेल आणि तुम्ही कपड्यांचा सोडा टाकलात तर पिवळ्याचा लाल कराल. लोकरीचं कार्पेट असेल तर असल्या साबणाने धागाच खराब होतो. आणि साबण नीट निघाला नाही तर चिकट थर राहतो, महिन्याभरात कार्पेट आधीपेक्षा काळं. मी या धाग्यासाठी सौम्य द्रावण वापरलं, जे वाळल्यावर चिकट न राहता कुरकुरीत भुकटी होतं आणि मळ स्वतःत बांधून घेतं. ती भुकटी नंतर व्हॅक्यूमने निघते. धंद्यात याला एनकॅप्सुलेशन म्हणतात, भाचा त्याला 'कॅप्सूलवालं' म्हणतो. आधी कपाटामागे हातभर जागेत करून पाहिलं, पांढरं फडकं दाबून रंग सुटत नाही ना ते बघितलं, मग खोलीत.

पंपाने बारीक फवारा, दहा मिनिटं थांबणं, मग दोन आडवे मऊ रोलर असलेलं मशीन. रोलर एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे वेढा एका बाजूने ओढला जात नाही, दोन्हीकडून कुरवाळला जातो. गोल मशीनसारखा पीळ बसत नाही. जोडांवर आणि टेपच्या जागी मशीन नेलंच नाही, तिथे हाताने, टॉवेलने, दाबून. घासून नाही. भाच्याचा हात घासायला जातो, वीस वेळा सांगावं लागतं.

एवढ्याने खोली उजळली, पण पायवाट उरली. तेल. तिथे मात्र गरम पाण्याचा एक्स्ट्रॅक्टर, पाणी सोडून तेच परत खेचून घेणारं मशीन. पाणी गरम, पण कमी दाबाने. त्याच्या वँडच्या, म्हणजे हातात धरायच्या नळीच्या, तोंडाला मी गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी बसवून घेतली आहे, कारण धातूची उघडी कड लूपवर घासली तर वेढा उचलते. एकदा पाणी सोडत मागे यायचं, मग पाणी बंद करून त्याच पट्ट्यावर चार वेळा नुसतं खेचायचं. वाहून येणारं पाणी नळीत स्वच्छ दिसेपर्यंत. तळहात दाबला तर दमट लागला पाहिजे, ओला नाही. धुळ्याला हेच चुकलं होतं. जास्त पाणी खाली गेलं की मागचा गोंद सुटतो, दोन थर वेगळे होतात, ज्यूटचं कापड असेल तर ते तपकिरी रंग सोडतं आणि आकसतंही.

दुपारी तीनला लाइट गेली. बाहेर ४४ अंश. कार्पेट वाळवायला लावलेले दोन्ही ब्लोअर बंद. शेठ म्हणाले इन्व्हर्टरवर कुलर लावू. मी म्हटलं लावा, पण त्याची पाण्याची मोटर बंद ठेवा. कुलरची ओली हवा म्हणजे वाळायला टाकलेल्या पापडांवर वाफ सोडण्यासारखं. नुसता पंखा फिरवला, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. खान्देशचा उन्हाळा आम्हाला असा एकाच बाबतीत उपयोगी पडतो. सहाला हात लावला तर कार्पेट कोरडं. हेच काम जुलैत केलं असतं तर दुसरा दिवसही गेला असता.

केळीच्या चिकाचं सांगायचं राहिलं. तो जात नाही. ताजा असताना दिसतच नाही, पाण्यासारखा. हवा लागली की तपकिरी होतो, मग काळा. केळी उत्पादकांच्या घरचे कपडे बघा, कामाचे सदरे वेगळेच ठेवलेले असतात, कारण तो डाग सदरा फाटेपर्यंत राहतो. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कोपऱ्यात तपासून मग कापसाने टिपून पाहिलं, दोनदा. ठिपके फिकट झाले, गेले नाहीत. आणखी जोर केला असता तर ठिपक्यांच्या जागी तूस आले असते. शेठना तसं सांगितलं. ते म्हणाले, केळीवरच तर सगळं उभं आहे, राहू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन. "भाऊ, चहाचा डाग परत आला." आवाजात राग नव्हता, पण शंका होती.

मी अपेक्षेत होतो. चहा वरून गेला होता, पण खाली कापडात जुना बसलेला होता. वर वाळत गेलं तसं खालचं ओलसर पाणी त्याला घेऊन धाग्यातून वर चढलं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. टोकांना येऊन पाणी उडून गेलं आणि रंग राहिला. नवीन माणूस इथे घाबरतो आणि आणखी पाणी मारतो, मग आणखी मोठा डाग वर येतो. पुन्हा चोपड्याला गेलो. पेलाभर पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर, त्यातले मोजून काही थेंब डागावर, मग जाडजूड पांढऱ्या टॉवेलची चौपदरी घडी आणि तिच्यावर प्लास्टिक गुंडाळून गोदामातलं पाच किलोचं वजनमाप. जे वर चढायचं ते टॉवेलात चढू दे. दोन तासांनी टॉवेलवर चहाचा तपकिरी चंद्र उमटला होता आणि कार्पेटवर काही नव्हतं. मग सगळ्या खोलीला शेवटचा व्हॅक्यूम, कॅप्सूलवाल्या भुकटीसाठी. फर्निचर ठेवताना प्रत्येक पायाखाली प्लास्टिकचा चौकोन, कारण कार्पेट वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असू शकते आणि सागवानाचं पॉलिश किंवा लोखंडाचा गंज त्या ओलीत उतरतो. खुर्च्यांचे पाय उलटे करून एकेक तपासले. तीन खिळे वर आलेले निघाले. भाच्याने ते ठोकले.

पैसे घेताना आबा पुन्हा आले. त्यांचा प्रश्न राहिलाच होता. मी हिशोब सांगितला: फवाऱ्याला पाच लिटर, पायवाटेला नऊ, एकूण चौदा. त्यातलं सातेक लिटर मशीनने परत खेचलं, ते या बादलीत. बादलीतलं पाणी पहिल्या पावसाच्या नाल्यासारखं होतं.

"इतलंच?" आबा म्हणाले.

ते बराच वेळ बादलीत पाहत राहिले. मग आत वळून त्यांनी सुनेला हाक मारली आणि यंदा पूजेचा पाट खाली ओट्यावर मांडायचा, वर नाही, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.